परमुलखातली प्रदक्षिणा

आषाढी एकादशीला चंद्रभागेचे स्नान करून आपण नगरप्रदक्षिणेला निघतो, तेव्हा ती प्रदक्षिणा कशाभोवती चालली आहे असा प्रश्न कुणाला पडत नाही. मध्ये पांडुरंग उभा आहे, भोवती आपण चालतो आहो, झाले. आम्हालाही तीस वर्षांच्या वारीत तो कधी पडला नव्हता. तो पडला परमुलखात, एका नवख्या वस्तीत सकाळचे पाय मोकळे करताना. त्या प्रश्नाने आम्हाला आधी चांगलेच लाजवले आणि मग थोडेसे शहाणे केले. म्हणून झाली हकीकत आडपडदा न ठेवता वारकरी सज्जनांपुढे ठेवीत आहो.

मुलाच्या नोकरीमुळे गेले दीड वर्ष आमचा मुक्काम सिंगापूरला आहे. हे बेट विषुववृत्ताच्या अगदी जवळ. त्यामुळे येथे ना थंडीचा काकडा, ना वैशाखवणवा. बारा महिने दिवस आणि रात्र सारखी, आणि सूर्य उगवायचा तो बारा महिने सातच्याच आगेमागे. घड्याळ आपल्याकडच्यापेक्षा अडीच तास पुढे चालते. येथे साडेसहा वाजतात तेव्हा पंढरीत पहाटेचे चार वाजलेले असतात. म्हणजे काकड्याची वेळ! जन्माची सवय, डोळे त्या वेळी उघडणारच. पण घरात सगळी निजलेली, आणि टाळ हाती घ्यावा तर भिंतीपलीकडे दुसऱ्याचे बिऱ्हाड. तेव्हा आम्ही असे ठरवले की स्नान उरकून, हरिपाठ मनातल्या मनात म्हणत, वस्तीला एक फेरा घालावा. आदल्या रात्री सूनबाईंना गमतीने म्हणालो, "उद्यापासून आमची प्रदक्षिणा सुरू." त्या म्हणाल्या, "बाबा, जा खुशाल, पण फोन घेऊन जा." आम्ही तो नेला नाही. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

आम्ही राहतो त्या वस्तीचे नाव तोआ पायो. 'तोआ' हा तिथल्या एका चिनी बोलीतला शब्द, अर्थ मोठे. आणि 'पाया' म्हणजे मलायी भाषेत दलदल. नाव काही खोटे नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी येथे खरोखरच पाणथळ रान, भाजीचे मळे आणि झोपड्या होत्या. १९६० साली तेथील सरकारने घरबांधणी मंडळ स्थापले आणि त्याच दशकात या दलदलीवर उंच इमारतींचे एक नगर उभे राहिले. आज त्या देशातले शंभरांपैकी पाऊणशेहून अधिक रहिवासी अशाच सरकारी इमारतींत राहतात. गल्लीला येथे 'लोरोंग' म्हणतात, आणि गल्ल्यांना नावे नाहीत, नुसते आकडे: लोरोंग एक, लोरोंग दोन, अशा. इमारतींनाही आकडेच, भिंतीवर भले थोरले रंगवलेले. पाटलाचा वाडा, वाण्याची आळी, पिंपळाचा पार असल्या खुणांवर ज्याचा जन्म गेला, त्याने या आकड्यांच्या रानात काय करावे?

पहिल्या दिवशी दार लोटून बाहेर आलो. प्रत्येक मजल्याला एक लांबच लांब सामाईक ओटी असते. सगळ्या बिऱ्हाडांची दारे तिच्यावरच उघडतात. आमच्या शेजारच्या दाराशी तांबडे छोटे देवघर, त्यात उदबत्तीचा धूर. ते एका चिनी आजीबाईंचे. त्यापलीकडे चपला नीट ओळीने मांडलेल्या. ते मलायी मुसलमान कुटुंबाचे. टोकाला एका तमिळ बिऱ्हाडाच्या कुंडीत तुळस. तुळस पाहिली आणि जिवाला बरे वाटले. आम्ही तिथेच हात जोडले. खाली उतरलो तो अंधारात कोकिळा ओरडू लागली. इथले लोक म्हणे तिच्या आरड्याला कंटाळून तक्रारी करतात! आम्हाला मात्र ती गावाकडचा निरोप घेऊन आल्यासारखी वाटली.

चालता चालता त्या वस्तीतले देव भेटले. लोरोंग आठवर कालीमातेचे मंदिर आहे. ते मूळचे येथले नव्हे. देवी पूर्वी शहराच्या मध्यभागी राहात असे. तेथली जागा सुटली, तेव्हा ऐंशीच्या दशकात ती इकडे राहायला आली. दुसरीकडे पाच चिनी देवळे एकाच आवारात नांदतात. त्यांच्या त्यांच्या मूळच्या जागा नव्या बांधकामात गेल्या, आणि एकेकट्याला जागा परवडेना. तेव्हा पाचांनी मिळून एक घेतली. आणि ब्रॅडेल रस्त्यावर एक मशीद आहे, १९७७ सालची. १९७५ पासून तेथील मुसलमान नोकरदारांनी पगारातून महिन्याकाठी पन्नास सेंट बाजूला टाकून जो निधी उभारला, त्यातून बांधलेली ही पहिली. तिचे नाव 'मुहाजिरीन', म्हणजे स्थलांतर करून आलेले लोक. आम्ही मनाशी म्हटले, बरे झाले! इथे माणसेच काय, देवही बिऱ्हाड हलवून आलेले आहेत. आपणच एकटे उपरे नाही. आपला विठोबा तरी कुठे मूळचा पंढरीचा? पुंडलिकासाठी तो आपले घर सोडून आला आणि दारातच थांबला. जो स्वतः दुसऱ्याच्या दारी अठ्ठावीस युगे उभा आहे, त्याच्या भक्ताने परगावी राहण्याची कुरकुर का करावी?

अशा आनंदात चालत राहिलो आणि वाट चुकलो. चष्मा घरी, फोन घरी. इमारतीचा आकडा पाठ केला होता, पण त्यातले मधले दोन आकडे मनात उलटेसुलटे झाले. सगळ्या इमारती एकसारख्या, सगळे जिने एकसारखे. दोनदा भलत्याच इमारतीत शिरून भलत्याच दारासमोर उभे राहिलो. उजाडले, घाम आला, आणि खरे सांगतो, हरिपाठ कुठल्या कुठे गेला.

अशा वेळी मागून हाक आली, "अंकल!" वळून पाहिले तो एक सावळा, किडकिडीत तरुण, अंगात चमकदार पट्ट्यांचे जाकीट, हातात खराटा. आपल्याकडचाच खराटा हो, नारळाच्या हिरांचा! तो सिनेमातून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "अंकल, आपका घर उधर." आम्ही विचारले, तुला कसे ठाऊक? तो हसला. म्हणाला, परवा तुम्ही पेटी घेऊन आलात ना, तेव्हा मी लिफ्टपाशी झाडत होतो. काल संध्याकाळी मुलाबरोबर खाली आलात, तेव्हाही होतो. खराटा भिंतीला टेकवून तो आम्हाला थेट लिफ्टपर्यंत पोचवून गेला.

वर येताना एक गोष्ट मनाला टोचली. तीन दिवसांत दोनदा त्याने आम्हाला पाहिले होते. आम्ही त्याला एकदाही पाहिले नव्हते.

पण टोचणी टिकते किती? आठ दिवस झाले असतील. ओळखीचे एक गृहस्थ भेटायला आले. मोठ्या हुद्द्यावरचे, मुलाला नोकरीत ज्यांचा उपयोग होऊ शकेल असे. त्यांना निरोप द्यायला खाली उतरलो. समोरून तोच मुलगा येत होता. त्याने लांबूनच हात उंचावला आणि "अंकल!" म्हणून हाक दिली. आम्ही काय करावे? आम्ही झाडाकडे पाहू लागलो. वर कोकिळा होती का, ते शोधू लागलो! गृहस्थांनी विचारले, "ओळखीचा वाटतं?" आमच्या तोंडून निघून गेले, "छे हो, असेल कुणीतरी." मुलाचा हात खाली आला. तो पुन्हा झाडू लागला.

रात्री झोप लागेना. आमच्या गावच्या घरात भिंतीवर दोन तसबिरी आहेत, एक पांडुरंगाची आणि दुसरी गाडगेबाबांची. बाबांच्या हातात खराटा आहे. आमच्या वडिलांनी बाबांना गाव झाडताना डोळ्यांनी पाहिले होते आणि ते सांगताना त्यांचा कंठ दाटून येई. १९५६ साली बाबा गेले, त्यानंतर ती तसबीर घरात आली. तेव्हापासून तिला आमच्याकडे रोज फूल वाहिले जाते. म्हणजे खराटा धरलेल्या माणसाच्या चित्राला आमचा रोजचा नमस्कार, आणि खराटा धरलेला जिवंत माणूस स्वतः होऊन हात उंचावून हाक देतो, तर त्याची ओळख नाही! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आम्ही समुद्र ओलांडून गेलो, पण तो पीळ पेटीतून बरोबर नेला होता.

आता मुद्द्यावर येतो. वारीत आपण काय करतो? लहानमोठा, श्रीमंत-गरीब, जात-पात काही न पाहता समोरच्याच्या पाया पडतो. तोही आपल्या पाया पडतो. कुणालाही 'माउली' म्हणून हाक मारतो. पाहणाऱ्याचे डोळे भरून येतात, आणि आपल्यालाही वाटते की आपल्या ठिकाणी समता नांदू लागली. पण नीट विचार करा. तेथे सगळेच पाया पडत असतात. तेथे न पडणाराच वेगळा दिसेल. प्रवाहाबरोबर पोहताना हाताला कितीसे श्रम? वाळवंटातला नमस्कार हा गंगेच्या ओघात सोडलेल्या द्रोणासारखा आपोआप पुढे जातो. नमस्काराची परीक्षा तेथे नव्हे. जेथे कुणी कुणाला नमस्कार करीत नाही, जेथे तो केल्याने आपली किंमत चार आण्यांनी उतरेल अशी भीती वाटते, जेथे शेजारी एक बडा माणूस उभा आहे, तेथे परीक्षा. आणि तेथे आम्ही नापास झालो.

काही वाचक म्हणतील, एवढे काय त्यात? तुम्ही त्याला शिवी तर दिली नाहीत. खरे आहे. पण शिवी देणारा निदान समोर माणूस आहे एवढे तरी मानतो. ज्याला आपण पाहिलेच नाही, त्याला आपण काय मानले? भिंत मानले, खांब मानले. सर्वांभूती देव पाहायची गोष्ट दूरच राहो. आधी भूत तर दिसले पाहिजे!

दुसरे कुणी म्हणतील, नमस्काराने त्याचे पोट भरते काय? हा आक्षेप मोठा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. नमस्काराने मजुरी वाढत नाही, कामाचे तास कमी होत नाहीत. त्या गोष्टी न्यायाच्या आहेत आणि त्या न्यायानेच झाल्या पाहिजेत. गोड शब्द देऊन त्यांतून सुटका करून घेणे हा पुन्हा ढोंगीपणा. पण असे पाहा, ज्या माणसाला आपण पाहातच नाही, त्याची मजुरी पुरेशी आहे की नाही हा प्रश्न तरी आपल्याला कसा पडणार? पाहणे म्हणजे न्याय नव्हे. पण न पाहता न्याय झाल्याचे आम्हाला ठाऊक नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे आमच्या विचाराला वळण लागले. या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. घर नाही, दुकान नाही. नुसते खांब आणि फरशी. साधारण १९७० च्या सुमारापासून बांधलेल्या बहुतेक इमारतींत ही प्रथा आहे. आम्हाला आधी वाटले, केवढी जागा फुकट घालवली! मग एका रविवारी तेथे मलायी लग्न लागले. ताशे, फुलांच्या कमानी, सगळ्या इमारतीला जेवण. पुढल्या आठवड्यात त्याच फरशीवर एका चिनी वृद्धाचे शव ठेवले, पाच दिवस नातेवाईक रात्रंदिवस बसून राहिले. जागा तीच. लग्नाच्या माणसांनी आणि मयताच्या माणसांनी ती आपापल्या परीने वापरली आणि पुन्हा रिकामी करून दिली. आम्हाला एकदम चंद्रभागेचे वाळवंट आठवले. वाळवंटही कुणाचे नाही, म्हणून ते सगळ्यांचे. तेथेही कीर्तन रंगते, आणि अस्थी घेऊन आलेले लोकही तेथेच उतरतात.

चिनी आजीबाई आणि मलायी बाई शेजारी कशा आल्या, याचीही हकीकत आहे. १९६४ साली जुलै आणि सप्टेंबर महिन्यांत या बेटावर चिनी आणि मलायी लोकांत दंगे पेटले. ३६ माणसे प्राणास मुकली. पुढे सरकारी इमारती उभ्या राहिल्या तरी जो तो आपापल्या लोकांच्या वस्तीत गोळा होऊ लागला. तेव्हा १९८९ साली सरकारने नियम केला की एका इमारतीत चिनी कुटुंबे शेकडा ८७ पेक्षा आणि मलायी शेकडा २५ पेक्षा अधिक नसावीत. हिंदी आणि इतरांसाठीही असाच आकडा ठरला. म्हणजे एका जमातीची वस्ती होऊच द्यायची नाही. नियमाला जाचही आहे: आकडा भरलेल्या इमारतीत अल्पसंख्य माणसाला घर विकताना गिऱ्हाइके थोडी मिळतात आणि किंमत पडते, अशी तक्रार फार दिवसांची आहे, आणि अलीकडे सरकारनेही तिची दखल घेतली आहे.

हा नियम मुलाने सांगितला तेव्हा आम्ही हसलो होतो. म्हटले, "अरे, शेजारधर्म का कायद्याने येतो? तो आतून उमलावा लागतो. असली समता म्हणजे दुकानातले कागदाचे फूल." मुलगा काही बोलला नाही. पण थोड्याच दिवसांनी आम्ही पाहिले, चिनी आजीबाई रुग्णालयात निघाल्या तेव्हा त्यांनी घराची किल्ली मलायी बाईंच्या हातात दिली. काही बोलणे झाले नाही. किल्ली देणे-घेणे जुनेच असावे. मागाहून कळले, दोघी पस्तीस वर्षे एकाच ओटीवर राहतात. त्या देवघराला उदबत्ती लावणे मलायी बाईंच्या धर्मात बसत नाही. ते त्यांनी केले नाही, आणि आजीबाईंनीही तशी अपेक्षा ठेवली नाही. पण झाडांना पाणी घातले, दाराशी आलेली पत्रे आत ठेवली, आणि रोज संध्याकाळी दार ओढून पाहिले.

तेव्हा आमचे हसणे आमच्याच गळ्यात आले. दारे शेजारी आणली ती नियमाने. किल्ली दिली ती माणसाने. नियमाला किल्ली देता येत नाही, हे खरे. पण दारे शेजारी नसती तर किल्ली दिली असती कुणाला? आणि आपण वारकरी तरी नियमाला का हसावे? आपला सगळा संप्रदायच नेमावर उभा आहे. गळ्यात माळ घातली की एकादशी चुकवायची नाही, वारी चुकवायची नाही, हरिपाठ चुकवायचा नाही. दिंडीत कोण कुठे चालेल ते ठरलेले, चोपदाराने दंड उंचावला की शांत व्हायचे हेही ठरलेले. आमची आजी म्हणायची, "भाव दाटून आला म्हणजे वारीला जाईन, असं म्हणणारा घरीच मरतो." पाय आधी निघतात, भाव वाटेत कुठेतरी गाठतो. नेम आधी, प्रेम मागून. जी गोष्ट वारीची, तीच शेजाराची. आणि तीच नमस्काराची.

पण त्या नियमाचीही एक सीमा आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. तो आकडा आहे तो तेथे घर घेऊ शकणाऱ्या नागरिकांचा आणि कायम रहिवाशांचा. खराटा घेतलेला तो मुलगा त्यात कुठेच नाही. तो बांगलादेशातून कामाच्या परवान्यावर आलेला. ज्या ओट्या तो झाडतो, तिथे तो राहात नाही. काम संपले की मजुरांच्या निवासात जातो, आणि तेथे एका खोलीत कित्येक जण झोपतात. चिनी शेकडा इतके, मलायी शेकडा इतके, या सगळ्या हिशेबात त्याची मोजदाद नाही. तशी ती आमचीही नाही, आम्हीही पाहुणेच. म्हणजे हिशेबाबाहेरची दोन माणसे समोरासमोर आली होती, आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्याला ओळख दिली नाही! जेथे कायद्याचा हात पोचत नाही, तेथे धर्माचे काम सुरू होते. आणि नेमक्या त्याच जागी आमचा धर्म झाडावर कोकिळा शोधीत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्या मुलाला शोधीत गेलो. तो दिसेना, त्याला दुसऱ्या इमारतीकडे लावले होते. आठ-दहा दिवस असेच गेले. मग एका सकाळी कालीमातेच्या मंदिराच्या वळणावर तो दिसला. या वेळी त्याने हात उंचावला नाही. आमच्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घालून झाडीत राहिला. तो एक धडा शिकला होता, आणि तो आम्हीच शिकवला होता. आम्ही जवळ गेलो आणि दोन्ही हात जोडले. त्याने काय करावे? त्याने मागे वळून पाहिले. हे कुणाला हात जोडताहेत, मागे कोण मोठा माणूस आला, ते तो पाहात होता!

सज्जनहो, आयुष्यात पुष्कळ वेळा पुष्कळांनी आम्हाला खडसावले, पण त्या मागे वळून पाहण्याइतके काही लागले नाही. मागे कुणी नाही अशी खात्री झाली, तेव्हा त्याने खराटा काखेत घेतला आणि आपलेही हात कसेबसे कपाळाला लावले. आम्ही क्षमा मागितली का? नाही. भाषा तोकडी होती, आणि खरे बोलायचे तर धीरही तोकडा होता. तेवढे देणे अजून आमच्या अंगावर आहे.

मात्र त्या दिवसापासून नेम केला. सकाळच्या फेऱ्यात जो कुणी समोर येईल त्याला आपण होऊन आधी हात जोडायचे. मन प्रसन्न असो वा नसो, बरोबर कुणी असो वा नसो. प्रथम सगळे विचित्र होते. एका म्हाताऱ्याने आम्हाला काही विकायचे आहे असे समजून हात हलवून वाटेला लावले. दोन शाळकरी पोरी हसल्या. आता ओळख जमली आहे. या देशात वडीलधाऱ्या परक्याला 'अंकल' आणि 'आंटी' म्हणण्याची रीत आहे. लहान मुलांना आया मुद्दाम तसे म्हणायला लावतात. आमच्या गावच्या मंडळींना त्या इंग्रजी शब्दांचे हसू येईल. पण परक्याला नात्याने हाक मारायची ही रीत कुठली? आपल्या 'माउली'च्याच घराण्यातली, दूरच्या शाखेची म्हणा.

तो मुलगा आता थांबून चार शब्द बोलतो. त्याचे गाव एका मोठ्या नदीच्या काठी आहे. पावसाळ्यात पाणी अंगणापर्यंत येते. घरी बाप आहे, दोन मुली आहेत. तीन वर्षांत घरी गेलेला नाही. त्याने विचारले, अंकल, तुमचे गाव? आम्ही सांगितले, आमचेही नदीकाठचेच, भीमेच्या. त्याला भीमा ठाऊक नव्हती आणि आम्हाला त्याच्या नदीचे नाव उच्चारता येईना. पण पूर म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होते. गेल्या आषाढात आम्ही त्याला सांगितले, आज आमच्याकडे लाखो लोक चालत एका देवाला भेटायला आले असतील. तो म्हणाला, इतके लोक, मग झाडतं कोण? आम्ही त्याला गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. त्याला किती समजली कोण जाणे. पण बाबांच्या हातात खराटा होता हे समजले. कारण त्याने आपल्या खराट्याकडे एकदा पाहिले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. प्रदक्षिणा कशाभोवती? पंढरीत ते सोपे आहे, कारण देव मध्ये उभा आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे. परमुलखात तो कुठे उभा आहे हे कुणी सांगत नाही. वाटेवर पाटी नाही, कळस नाही. तेथे तो रोज शोधावा लागतो, आणि बहुधा तो ज्याच्याकडे पाहायचे आपण टाळतो त्याच्याच रूपाने उभा असतो. आणि सज्जनहो, हे परमुलखापुरतेच आहे असे नाही. पंढरीहून परतल्यावर आपल्या गावात, आपल्याच गल्लीत, पहाटे आपल्या आधी उठून रस्ता झाडणारी जी बाई आहे, तिचे नाव आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? आम्हाला आमच्या गावच्या बाईचे ठाऊक नव्हते. चाळीस वर्षे ती आमच्या दारापुढून गेली.

पुढल्या महिन्यात आम्ही परत येणार आहो. वारीला तर जाऊच. पण त्याआधी, घरी पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी, दार उघडून तिला तिचे नाव विचारायचे आहे.